कोणत्या अक्षरापासून

कोश तपासायचा तर शेवटून तपासावा, असं माझं मत आहे. सुरुवातीची अक्षरं लिहिताना सगळेच ताजेतवाने असतात. 'अ' लिहिताना लेखक ग्रंथांच्या ढिगाऱ्यात बसलेला असतो, 'क'पर्यंत ढीग निम्मा होतो आणि 'ह' येईपर्यंत बिचाऱ्याला कधी एकदा सुटतो असं झालेलं असतं. म्हणून परीक्षणाला आलेलं कोशाचं बाड मी मागून उघडते. ही युक्ती मी वर्गात, आणि माझ्या जुन्या सरांनाही, फुशारकीने सांगत आले आहे. त्या फेब्रुवारीत आलेलं बाड पुढून वाचलं असतं, तर निदान सुरुवातीचे काही दिवस तरी मला अन्न गोड लागलं असतं.

मी अंबडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. मध्ययुगीन युरोपचा पेपर माझ्या वाट्याला आला, कारण तो दुसऱ्या कोणाला नको होता. समोर बसलेली पोरं मोसंबीचा भाव झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील, आणि त्यांना मी दगडी चर्चच्या टोकदार कमानी फळ्यावर काढून दाखवते. माझी चित्रकला अशी की कमान आणि कडब्याची गंजी यांत फरक कळत नाही. पोरं सहन करतात. मीही त्यांच्या उत्तरपत्रिका सहन करते.

बाड एका प्रकाशन संस्थेकडून आलं होतं. मध्ययुगीन युरोपचा इतिहास आणि संस्कृती यांचा एकखंडी मराठी कोश, अ ते ज्ञ, टाइप करून घेतलेला. लेखकाचं नाव काळ्या शाईने झाकलेलं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की अहवाल गोपनीय राहील आणि शेवटी तीनपैकी एक शिफारस करायची: छापावे, दुरुस्त्या करून छापावे, किंवा छापू नये. जी शिफारस कराल तिची कारणं सविस्तर द्यायची.

नाव झाकून काय होतं? मागून वाचायला घेण्याआधी मी पहिली पानं नुसती चाळली, तर 'आश्रित शेतकरी' या नोंदीवर नजर गेली. तिथे लिहिलं होतं, 'जमिनीचा मालक बदलला की याचाही मालक बदले. त्याला आधी विचारण्याची पद्धत नव्हती.' हे वाक्य मी जालन्याच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून ऐकलं होतं. ते म्हणताना आमचे इतिहासाचे सर कसे खिडकीबाहेर पाहत तेही मला दिसलं. मला मध्ययुगाचा नाद त्यांनीच लावला. निवृत्त झाल्यावर ते हसनाबादला स्वतःच्या शेतात राहायला गेले आणि हा कोश लिहायला बसले, हे आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना माहीत होतं.

बाड परत पाठवणं रीतसर झालं असतं. शिष्येने गुरूचं पुस्तक तपासू नये, एवढं मला कळतं. पण वाचायची हाव होती, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती ते पडावं असं वाटेना. ठेवून घेतलं.

सरांची लिहिण्याची रीत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोश लिहिणारे लोक सोयीने लिहितात. आज चर्च, उद्या किल्ले, परवा राजघराणी, आणि मग सगळ्या नोंदी वर्णानुक्रमे लावतात. सरांना ते मान्य नव्हतं. त्यांनी वर्णमालेच्या क्रमानेच लिहिलं. 'अ'ची पहिली नोंद पूर्ण, स्वच्छ, मग दुसरी, मग तिसरी. लिहून झालेल्या पानाकडे पुन्हा वळायचं नाही. "मागं पाहत बसलो तर पुढचं राह्यतं," म्हणत. आधीची कोणती नोंद कुठे आहे ते सगळं डोक्यात असायचं, आणि तिकडे वाचकाला पाठवण्यासाठी ते नोंदीखाली 'पाहा' लिहून त्या नोंदीचं नाव देत. कोशाचे सांधे म्हणजे हे 'पाहा'. ते नीट असले की कोश एकसंध उभा राहतो.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बाड पसरलं आणि 'स' उघडला. 'सुगी' ही नोंद समोर आली. 'गहू होळीच्या आत घरात येई,' असं सरांनी लिहिलं होतं, 'आणि धान्य घरात आल्यावरच लोक ईस्टरपूर्वीच्या उपवासाला बसत.' मला हसू फुटलं. नवरा पेपर वाचत होता. ते अंबडच्या कोर्टात वकिली करतात आणि घरातही उलटतपासणी सोडत नाहीत.

"काय झालं?"

"सरांनी युरोपात होळीच्या आत गहू काढलाय."

"मंग कधी काढतेत?"

"ऑगस्टमध्ये. होळीला तिकडं बर्फ असतं."

"मंग त्यांनी हसनाबादचा गहू काढला," म्हणून ते पुन्हा पेपरात शिरले.

मलाही तसंच वाटलं. शेतकऱ्याचा मुलगा, आयुष्यभर रब्बीचा गहू होळीच्या आसपास काढलेला पाहिलेला, हात सवयीने घसरला. असली चूक आमच्याकडचाच माणूस करू शकतो, पुण्याचा करणार नाही, असं वाटून मला जरा प्रेमच आलं. समासात पेन्सिलीने खूण केली आणि चार पानं मागे गेले.

तिथे 'साथ' ही नोंद होती. चौदाव्या शतकातल्या प्लेगबद्दल. पहिला परिच्छेद ठीक होता. दुसऱ्यात असं होतं की फ्रान्समधल्या एका खेड्यात मुडदे पडू लागले तेव्हा लोकांनी देवीचा गाडा सजवला, त्यात लिंबं, नारळ आणि हिरव्या बांगड्या ठेवल्या, आणि तो ओढत नेऊन पुढच्या गावाच्या वेशीवर सोडला.

पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा असा गावाबाहेर काढत, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पण फ्रान्समध्ये? मी हसायला तोंड उघडलं आणि हसू आलं नाही. टाइप करणाऱ्याने दुसरं काही मिसळलं असेल म्हणून मागची पुढची पानं पाहिली. वाक्यं सरांचीच होती. तीच लय, तोच शेवटी येणारा छोटा कोरडा शेरा. गाडा वेशीवर सोडल्यानंतर त्यांनी लिहिलं होतं, 'पुढच्या गावाने काय करायचे हा त्याचा प्रश्न होता.'

सरांना प्लेग माहीत नाही असं होणं शक्य नव्हतं. मी 'क' काढला. 'काळा मृत्यू' ही नोंद तिथे होती, आणि अशी होती की मी उभ्यानेच वाचून संपवली. इटलीच्या बंदरात लागलेली जहाजं, उंदीर, पिसवा, ओस पडलेली गावं, मजूर मिळेनासे झाल्यावर वाढलेली मजुरी, सगळं जागच्या जागी. एक नारळ नाही की बांगडी नाही. मग 'म' काढला. तिथे 'महामारी' होती. पुन्हा तोच प्लेग, पहिल्यापासून, जणू त्याबद्दल कोशात अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. या वेळी तो जहाजातून आला नव्हता. डोंगरावरून मेंढपाळांबरोबर उतरला होता. खाली 'पाहा: काळा मृत्यू' नव्हतं.

तेव्हा मी घाबरले. नवऱ्याला हाक मारावी की नाही हेही ठरवता येईना. सर पानं क्रमाने लिहितात. मागे वळून पाहत नाहीत. म्हणजे माझ्यापुढे पडलेलं बाड म्हणजे सरांची एवढी सगळी वर्षं होती, त्याच क्रमाने, आणि 'क' आणि 'म' यांच्या मध्ये कुठेतरी सरांना काहीतरी झालं होतं.

त्या दिवसापासून मी कोश वाचणं सोडून दिलं आणि नुसते 'पाहा' तपासू लागले. 'ह'पासून मागे. 'ह', 'स', 'श', 'व' यांत एकही 'पाहा' नव्हता. प्रत्येक नोंद एकटी. 'र', 'य', 'म', तिथेही नाही. 'भ' आणि 'ब' मध्ये नाही. 'प' मध्ये मला पहिला सापडला, 'पाणचक्की'च्या खाली. नोंद सुंदर होती. जमीनदाराच्याच चक्कीवर दळायची सक्ती, घरात लपवलेलं जातं सापडलं तर ते फोडायचं, सगळं बारकाईने. खाली लिहिलं होतं, 'पाहा: जाते'. मी 'ज' काढला. 'जाते' नावाची नोंद कोशात नव्हतीच. 'प' मधले बाकीचे 'पाहा'ही असेच, काही बरोबर, काही रिकाम्या जागेकडे बोट दाखवणारे. मग 'न' आला, आणि 'न' मध्ये सगळं जिथल्या तिथे होतं. 'ध' मध्ये होतं. 'द' मध्ये होतं. मी उलटी वाचत गेले आणि सर बरे होत गेले. 'ग'पर्यंत येऊन मी बाड मिटलं, कारण डोळ्यांना पाणी येऊन अक्षरं दिसेनाशी झाली.

आता लिहायचं काय? 'छापावे' लिहिलं तर देवीचा गाडा सरांच्या नावाने छापला जाणार आणि जो वाचील तो हसणार. 'छापू नये' लिहिलं तर कारणं द्यावी लागणार, आणि कारण एकच होतं. ते मी कागदावर लिहिलं की एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाणार, आणि शेवटी सरांच्या दारात पोचणार. मी लिहिलेलं. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दुरुस्त्या करून छापावे, असं टाक. तू कामून घाबरून राह्यली?"

"दुरुस्त्या कोण करणार?"

"लेखक."

आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. कोर्टात उत्तर सुचेनासं झालं की ते हेच करतात.

भीती एका जागी थांबत नाही हे मला त्या दिवसांत कळलं. आधी ती सरांबद्दल होती, मग ती माझ्याकडे वळली. वर्गात मठाबद्दल बोलताना 'मठाधिपती' हा शब्द आठवेना. खडू हातात धरून उभी राहिले. पोरांना वाटलं बाई विचार करून राह्यल्या. शब्द आला, पण उशिरा. स्टाफरूममध्ये मी स्वतःचीच परीक्षा घेऊ लागले. काल भाजी कोणती केली, परवा कोणाला फोन केला. बरोबर आठवलं तरी समाधान होईना. सरांनाही 'पाणचक्की' लिहिताना सगळं बरोबरच आठवत असणार. माझ्यातला कोणता सांधा निखळलाय हे मला कोण सांगणार होतं? मी कोश लिहीत नव्हते, त्यामुळे तपासायलाही काही नव्हतं.

अशात सरांचा फोन आला. आवाज खणखणीत. पाऊसपाणी, कॉलेज, वकिलांची तब्येत, सगळं विचारलं. वकिलांच्या गुडघ्याचं दुखणं मी त्यांना दिवाळीत सांगितलं होतं, तेही लक्षात होतं. मला एकदम हलकं वाटलं. आपणच काहीतरी भलतं वाचलं, वयाने थकून केलेल्या चार चुका आणि आपण त्यांचा बागुलबुवा केला. मग ते म्हणाले, "येऊन जा एकदा. हरभऱ्याला घाटे आलेत. जल्दी ये."

पुस्तकाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. इतकी वर्षं सरांचा असा एकही फोन आला नव्हता ज्यात पुस्तक नाही.

शनिवारी निघाले. अंबडहून जालना, जालन्याहून दुसरी एसटी. बाडातले शेवटचे काही कागद पिशवीत घेतले होते. का घेतले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. गोपनीय कागद घेऊन लेखकाच्याच घरी निघालेला परीक्षक मी तरी दुसरा पाहिला नाही. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी पिशवी खाली ठेवा म्हटलं, तर मी ती आणखी छातीशी धरली. त्यांना वाटलं असेल सोनं आहे. वाटेत दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडलेला, काही ठिकाणी यंत्र लावून काढणी सुरू झालेली. मी खिडकीतून नजर आत घेतली.

हसनाबादला उतरले तर चौकात फ्लेक्स. गावाच्या तरुण मंडळाने लावलेला. फेट्यातले सर, मागे युरोपातला म्हणून कुठल्यातरी करमणुकीच्या बागेतला खोटा किल्ला, आणि वर ठळक अक्षरात: 'युरोपचा इतिहास मराठीत आणणाऱ्या गावच्या सुपुत्राचे हार्दिक अभिनंदन.' आमच्याकडे काम व्हायच्या आधी अभिनंदन करायची घाई फार. पुस्तक अजून माझ्या घरी टेबलावर पडलं होतं आणि गावाने ते छापूनही टाकलं होतं. तिथून परत फिरावं असं मला मनापासून वाटलं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. "ये माय. लई दिसांनी आली," म्हणाल्या. पाणी दिलं आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "बरे हायेत ते. पुस्तक पाठवल्यापसून जरा गप गप राह्यतेत. संभाजीनगरला डॉक्टरला दाखवलं. समदं बराबर हाय म्हणला." मी काही विचारलं नव्हतं.

सर आतून आले. धुतलेला सदरा, नीट विंचरलेले केस. बसल्याबसल्या मठांच्या घंटांबद्दल बोलू लागले, घड्याळ नसलेल्या लोकांचा दिवस घंटेने कसा कापला जाई, आणि इतकं सुरेख बोलले की मी पुन्हा तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. मनात एकच प्रश्न घोळत होता: सर, तिकडं गहू कधी काढत? विचारायला तोंड उघडायची आणि मिटायची. 'होळीच्या आत' असं उत्तर आलं तर काय करायचं ते ठरलं नव्हतं. 'ऑगस्ट' आलं तर काय करायचं तेही ठरलं नव्हतं.

घंटांवरून ते मधेच थांबले.

"माझं पुस्तक तुझ्याकडं आलंय ना?"

खोटं बोलायचं ठरवून आले होते. बोलता आलं नाही.

"लपवू नको," ते म्हणाले. "परीक्षक कोण चालतील असं त्यांनी मला इचारल्तं. मीच तुझं नाव दिल्तं."

"सर, असं चालत नाही."

"चालत न्हाई ते मला ठाऊक हाय."

"मग का दिलंत?"

"तू शेवटून वाचतीस म्हणून."

काकू सोलत होत्या. दाणे परातीत पडल्याचा आवाज येत होता. सरांनी खुर्ची थोडी पुढे घेतली, आणि वर्गात प्रश्न विचारण्याआधी घेत तसा एक श्वास घेतला.

"एकच इचारतो. खरं सांगायचं. कोणत्या अक्षरापासून?"

मला काय विचारताहेत ते लगेच कळलं. न कळल्याचं सोंग करावं असं वाटलं, आणि तेही जमणार नाही हे कळलं.

"मला आतून दिसत न्हाई," ते म्हणाले. "काहीतरी झालंय एवढं समजतं. एखादा शब्द शोधायला जातो आन् वाटंतच इसरतो की कशाला निघाल्तो. डॉक्टरनं कागदावर घड्याळाचं चित्र काढाय लावलं. मी काढलं. काटे बराबर. तो म्हणला बिलकुल ठीक हाय. पोरं फोनवर म्हणतेत वयानं होतं. हीबी तेच म्हणती. समदे मला सांभाळून घेऊन राह्यले. परीक्षक सांभाळून घेत न्हाई. म्हणून तुला इचारून राह्यलो."

मी काकूंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून सोलत होत्या, पण हात सावकाश झाले होते.

"प," मी म्हणाले.

डाव्या हाताच्या बोटांवर अंगठा फिरवत ते पुढची अक्षरं मोजत होते. मग म्हणाले, "मी 'स' धरल्ता."

"'प'पासून, सर. 'न' स्वच्छ आहे."

"'प' लिहिताना मी लई जोमात होतो." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "पाणचक्की एका बैठकीत लिहिली. हिला वाचून दाखवली. मला वाटलं, आता कुठं हात बसला."

"दाखवली की," काकू खालीच पाहत म्हणाल्या. "मला लई आवडल्ती."

"ती चांगलीच आहे," मी म्हणाले. "फक्त तिच्याखाली 'पाहा: जाते' असं लिहिलंय, आणि जाते ही नोंद कुठेच नाही."

"मी लिहिलीय. 'ज' मध्ये."

"नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. "भेव वाटून राह्यलं मला," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मलाही भीती वाटते, असं मी म्हणाले. ते ऐकून त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. काकू उठल्या नाहीत.

"अहवाल लिही," ते थोड्या वेळाने म्हणाले. आता आवाज पुन्हा सरांचा होता. "कडक लिही. 'अ' ते 'न' छापावे, पुढचं छापू नये. त्याला खंड पहिला म्हणा. दुसरा खंड ज्याला लिहायचा तो लिहील."

"कारण काय देऊ?"

"जे हाय ते दे. सांधे निखळलेत म्हणून लिही. खोटं हाय का त्यात काही?"

"आन् चौकातल्या बोर्डाचं काय?" काकूंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना बोर्डाचं काही पडलेलं नव्हतं, पण काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी ते विचारलं.

"उन्हानं उडून जाईल त्याचा रंग," सर म्हणाले.

मी आत जाऊन चहा केला. बाहेर आले तेव्हा सर सैल होऊन बसले होते, निकाल लागून गेल्यासारखे. मला वाटलं, सगळ्यात अवघड ते झालं. आता चहा प्यायचा, घाटे खायचे आणि दुपारच्या गाडीने निघायचं. सरांनी कप घेतला आणि माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"त्यात हायेत ना कागद? एखादी नोंद वाचून दाखव. पुढची. कोणतीबी."

"नको, सर."

"वाच. मी काय लिहिलंय ते मला ऐकू दे."

हाताला आलेला कागद 'ह'चा होता. दुसरा काढावा असं मनात आलं, पण दुसरा तरी काय वेगळा निघणार होता? मी 'हाट' ही नोंद वाचली.

'फ्रान्समधील शांपेन प्रांतातील हाट दिवस वर येण्यापूर्वी भरत असे. ओढ्याच्या अलीकडे कापडवाले बसत, पलीकडे गुरांचा बाजार असे. मीठवाले मोठ्या चिंचेखाली बसत, कारण तेथे दिवसभर सावली असे, आणि गिऱ्हाईक सावलीला थांबे ते मीठ घेऊन जाई.'

सर डोळे मिटून ऐकत होते. वाक्य संपलं की त्यांचं बोट कपावर हळूच आपटे. मी थांबले तसे त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर समाधान होतं.

"बराबर हाय की. यात काय चुकलं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. सांगू नको, असं त्यांना म्हणायचं होतं. पण सरांनी मला सांभाळून घ्यायला बोलावलं नव्हतं.

"चिंच, सर. शांपेनला चिंच नसते."

"बिलकुल न्हाई?"

"नाही. थंडी असते. बर्फ पडतं. चिंच तगत नाही."

त्यांनी मान डोलावली. तिकडचं बर्फ मला त्यांनीच शिकवलं होतं, ते त्यांना पटलं. कप खाली ठेवून ते विचार करू लागले, कपाळाला आठ्या घालून, मनापासून. मग माझ्याकडे वळून, एखादा नेटाचा विद्यार्थी विचारतो तसं त्यांनी विचारलं,

"मंग मीठवाले कुठं बसायचे?"

काकूंचे हात थांबले. सर माझ्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट बघत होते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"शोधून सांगते, सर," मी म्हणाले.